बायचा चहा

निवृत्त होऊन बरेच महिने झाले, तरी ते प्रकरण काही मनातून जात नाही. खून, दरोडे, हायवेवरच्या लुटी असं सगळं नोकरीत पाहिलं. लोक विचारतात, "साहेब, सगळ्यांत थरारक केस कोणती?" त्यांना दरोडा हवा असतो आणि मीही दरोड्याचीच गोष्ट सांगतो. जी केस खरोखर आठवते तिच्यात पाठलाग नव्हता की हत्यार नव्हतं. संबंधितांची नावं मी लिहिणार नाही. कोणी ओळखलंच, तर त्यांनीही ती मनातच ठेवावीत ही विनंती.

तेव्हा मी डहाणू भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. एका बाजूला समुद्र आणि मच्छीमारांची वस्ती, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, आणि त्यापलीकडे कासा-तलासरीकडे जाणारे पाडे. सकाळी बोटीवाल्यांची भांडणं, दुपारी जमिनीची आणि संध्याकाळी दारूची, या आमच्या वेळापत्रकात सहसा बदल होत नसे. एका सकाळी मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक मासे विकणारी मावशी पाटी घेऊन येऊन बसली. सुक्या बोंबलांचा वास सगळ्या खोलीत भरला.

"मावशी, पाटी बाहेर ठेव," अंमलदार म्हणाला.

"बाहेर ठेवली तं मांजर नेल. तू भरून देशील का?" मावशी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "सायब, आशागडच्या वाडीतलं ते घर हाय ना, तिथं कायतरी झालंय."

"काय झालंय?"

"कोन भाव करत नाय."

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. मावशी हसली नाही. ती बरीच वर्षं त्या घरी मासे द्यायला जात होती. ते घर बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांचं होतं. त्यांतली एक बाई, वय चाळिशीच्या आसपास, किनाऱ्यावरच्याच एका मच्छीमाराची मुलगी. घरातले सगळे तिला बाय म्हणत. मीही इथे तेच म्हणतो. मावशीची हाक आली की ही बाय गेटवर येणार, एकेक मासा उचलून कल्ला उघडून बघणार, अंगठ्याने दाबणार आणि मऊ लागला तर परत पाटीत टाकणार.

"माजं मावरं परत करनारी ती एकटीच, सायब. दर्याकाठची पोर हाय, तिला फसवता येत नाय," मावशी म्हणाली. "आता तिथला मदतनीस येतो, न बघता घेतो. परवा बाय पडवीत दिसली. खुर्चीत बसलेली. मी हाक मारली तं माज्याकडं बघून हसली पन नाय. जागी हाय का झोपलीय, मना कललं नाय."

अंमलदाराने पेन उघडून धरलं होतं. तक्रार कोणाविरुद्ध आणि कशाची, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मासा न निवडणं हा काही गुन्हा नाही. मावशीची समजूत घालून आम्ही तिला पाठवलं. पण पोलिसाला एक खोड असते. ज्याचा स्वार्थ नाही तो कामधंदा सोडून ठाण्यात येऊन बसला, तर ते डोक्यातून जात नाही. दोन दिवसांनी आशागडकडे दुसऱ्या कामाला गेलो होतो, तशीच गाडी वाडीत वळवली.

त्या घराविषयी थोडं सांगायला हवं. एका निवृत्त शिक्षिकेने ते सुरू केलं होतं. वसतिगृह नाही, आश्रम नाही, घर, असं त्या बजावून सांगत. राहणारे सहा जण होते आणि सोबतीला तीन मदतनीस. प्रत्येकाकडे झेपेल असं एक काम. कोणी अंगण झाडायचं, कोणी ताटं मांडायची, तलासरीकडचे एक काका चिकूच्या झाडांना पाणी घालायचे. मदतनिसाने शेजारी उभं राहायचं, हात धरायचा, पण हातातलं काम काढून घ्यायचं नाही, हा बाईंचा दंडक. बायकडे चहा होता. गॅस लावायचा, साखर मोजायची, न सांडता ओतायचं, हे शिकायला तिला काही वर्षं लागली होती. ती सहाही जणांना आणि आल्यागेल्याला चहा द्यायची आणि कोण किती गोड पितो हे तिच्या लक्षात असायचं. पुढे बाई थकल्या, आजारी पडल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. विश्वस्तांनी एक व्यवस्थापक नेमला.

मी गेलो तेव्हा दुपार होती. फरशी आरशासारखी. भिंतीवर दिनक्रमाचा तक्ता, कोपऱ्यात कॅमेरा, दारापाशी आग विझवायचं नळकांडं. व्यवस्थापक तरतरीत, बोलायला गोड. राहणारे सहाही जण टीव्हीसमोर खुर्च्यांवर ओळीने बसले होते. टीव्ही चालू होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मी प्रत्येकाला विचारलं.

"कसे आहात?"

"बरा."

"जेवण मिळतं?"

"बरा."

"कोणी मारतं?"

"बरा."

बायही तेच म्हणाली. मी परत निघालो. अंगावर वळ नाहीत, अंथरुणं स्वच्छ, जेवण वेळेवर. कायद्याला दिसेल असं तिथे काहीही नव्हतं. मात्र गाडीत बसल्यावर जाणवलं की सहा मोठी माणसं असलेल्या घरात मी खोकल्याचासुद्धा आवाज ऐकला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारी रुग्णालयातून फोन आला. तलासरीचे काका दुपारी खुर्चीतून खाली पडले होते आणि घशात घरघर लागलेल्या अवस्थेत त्यांना आणलं होतं. डॉक्टर तरुण होत्या, पण नजर पक्की.

"साहेब, अन्नपाणी श्वासनलिकेत गेलंय, छाती भरली आहे," त्या म्हणाल्या. "माणूस गुंगीत असला की त्याला नीट गिळता येत नाही. पण यांना गुंगी कशाने आली? सोबतचे म्हणतात, यांना कुठलंच औषध नाही."

रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल यायला वेळ लागणार होता. दरम्यान मी व्यवस्थापक आणि मदतनीस, दोघांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. दोघे आले आणि त्यांच्या मागून जीपमधून उरलेले पाच जणही उतरले.

"यांना कशाला आणलंत?" मी विचारलं.

"मग मागे कोणाकडे ठेवणार साहेब? मदतनीस हा एकच आहे," व्यवस्थापक सहज बोलून गेला.

तिघांचा एक कधी झाला, हे विचारल्यावर त्याने माणसं टिकत नाहीत, योग्य उमेदवार मिळत नाहीत असं बरंच ऐकवलं. सहा जणांचं आवरणं, जेवण, आंघोळी आणि शिवाय राखण, हे एका माणसाने कसं करायचं, या प्रश्नावर त्याचं उत्तर तयार होतं. "आमचे लोक खूप शांत आहेत. कोणाची तक्रार नाही. नातेवाईक येतात, बघतात, खूश होऊन जातात."

रिवाजाप्रमाणे मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मदतनीस पन्नाशीचा, पूर्वी अच्छाडच्या एका ढाब्यावर कामाला होता. माणूस मुळात वाईट वाटत नव्हता, पण घाबरलेला होता आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य निघतं. "मना काय माहीत नाय." दुपार निम्मी सरली तरी दोघेही ताकास तूर लागू देईनात.

आमच्या ठाण्यात एक पद्धत होती. तासाभरापेक्षा जास्त ज्याला बसवायचं, त्याला चहा द्यायचाच, मग तो फिर्यादी असो की संशयित. समोरच्या टपरीवरून किटली आली. हवालदार बाहेरच्या बाकावरच्या मंडळींसाठी ओतायला लागला. तोच, सकाळपासून गप्प बसलेली बाय उठली आणि तिने त्याच्या हातातून किटली काढून घेतली.

"माजा काम," ती म्हणाली.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बायने टेबलावरचे कागद बाजूला सारले, पेले एका ओळीत मांडले आणि ओतायला सुरुवात केली. थेंब सांडला नाही. आमच्या ठाण्यात एवढ्या निगुतीने कोणी चहा दिलेला मला आठवत नाही. सगळे पेले भरल्यावर तिने गाऊनच्या खिशात हात घातला आणि चाचपलं. मग दुसऱ्या खिशात बघितलं. आत मदतनीस बसला होता, त्याच्याकडे दारातून बघून तिने हाक मारली.

"दादा, गोली दे ना. चा गार होतो."

मदतनिसाने मान खाली घातली. एकाने पेला उचलायला हात पुढे केला, तर बायने दोन्ही हातांनी पेल्यांभोवती कुंपण घातलं. "गोली टाकल्याबिगर द्याचा नाय. दादा वरडतो."

हवालदार चार मुलींचा बाप. तो तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "कसली गोळी गं, बाय?"

"ताकदीची. सगल्यांना एक एक. काकाला दोन. काका मोठा हाय ना."

त्यानंतर आवाज चढवायची वेळच आली नाही. मदतनीस रडत सगळं सांगत सुटला. घरातल्या एकाला झटक्यांसाठी गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्यांनी गुंगी येत असे. व्यवस्थापकाने त्याच जास्त आणून दिल्या आणि जेवणानंतर सगळ्यांनाच देत जा, म्हणजे तुला एकट्याला जमेल, असं सांगितलं. पण गोळी दिली की ही माणसं थुंकून टाकत. जबरदस्ती केली तर ओरडत, चावत.

"माज्या हातचं ते घेत नव्हते, सायब," तो म्हणाला. "बायच्या हातचा चा मात्र कोन नाय म्हनत नाय. मंग तिला सांगितलं, ताकदीची गोली हाय, चात टाकत जा. ती खूश झाली. काम वाढलं म्हनून."

तिच्या स्वतःच्या पेल्यातही ती रोज एक टाकत होती.

नोकरीत मी निर्ढावलेलो होतो, पण हे ऐकून मला उठून बाहेर जावं लागलं. जिचं शिक्षण व्हायला कित्येक वर्षं लागली, जिच्या चहावर सगळं घर डोळे मिटून विश्वास ठेवायचं, तिचाच हात त्यांनी वापरला होता. लबाडाने कुलूप फोडावं हे समजतं. इथे घरातल्या माणसाकडूनच दार उघडून घेतलं होतं आणि उघडणारीला ते माहीतही नव्हतं.

व्यवस्थापक हुशार होता. मदतनिसाने सांगितलंय हे कळताच त्याने क्षणात हात झटकले. "मी गोळ्यांना कधी हातही लावला नाही. चहात कोण टाकत होतं, हे तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाहिलंत." तपास पथकातल्या एका तरुण उपनिरीक्षकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, हिलाही आरोपी करावं लागेल का?" त्याचा दोष नाही, कायदा शिकलेला कोणीही आधी कृती कोणाची हेच बघतो. बाय आरोपी होऊ नये, साक्षीदार व्हावी, यासाठी त्या गोळ्या तिच्या हातात कोणी, काय सांगून दिल्या हे तिच्याच तोंडून स्वच्छ यायला हवं होतं.

मी एका विशेष शिक्षिकेला बोलावलं. त्यांनी सर्वांत आधी मला समज दिली. "तुम्ही तिथे जे प्रश्न विचारलेत, त्यांना ही माणसं बरा असंच म्हणणार. मोठा माणूस खूश होईल ते उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. विचारू नका, करून दाखवायला सांगा." त्याप्रमाणे घरीच, तिच्या स्वयंपाकघरात, चित्रीकरण लावून बायला रोजचा चहा करून दाखवायला सांगितलं. गोळ्यांच्या जागी खडीसाखर दिली. तिने सगळं क्रमाने केलं. दादा इथे उभा राहतो, साहेब, म्हणजे व्यवस्थापक, तिथून पाकीट देतो, दादा म्हणतो काकाला दोन. झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शाबास म्हन ना."

मी शाबास म्हटलं. ती हसली. मावशीला जे हसू हवं होतं ते हेच असणार.

काका रुग्णालयातून परत आले नाहीत. तलासरीकडच्या पाड्यावरून त्यांचा भाऊ आला. मजुरी करणारा, कमी बोलणारा माणूस. पार्थिव ताब्यात घेताना अंगठा उठवून तो म्हणाला, "आमच्यात व्हता तवा दिसभर शीळ घालीत फिरायचा. उपाशी ऱ्हायचा कंदी कंदी, म्हनून हितं ठेवला." त्याने कोणाला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो आमच्या हवालदाराला नमस्कार करून गेला.

रक्ताच्या अहवालात त्याच गोळ्यांचा अंश निघाला आणि गुन्ह्यात कलमं वाढली. व्यवस्थापकाने कोठडीत असताना उरलेल्या गोळ्या कुठे ठेवल्या ते दाखवायची तयारी दर्शवली, म्हणून दोन पंच घेऊन आम्ही त्याला घरी नेलं. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यामागून पाकिटं निघाली. पंचनामा लिहिणं चालू होतं. बाकीच्यांना आम्ही पडवीत बसवलं होतं, पण बाय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, कारण ते तिचं घर होतं आणि अनोळखी लोक तिचे डबे उघडत होते. सही करायची वेळ आली तसा व्यवस्थापकाचा तोल सुटला. तिच्याकडे बोट करून तो ओरडला, "माझ्या नावावर काय लिहिताय? काकांना गोळ्या कोणी दिल्या ते तिला विचारा! तिच्या हाताने मेलेत ते!"

हवालदाराने त्याला धरून बाहेर काढलं. बोलायचं ते तो बोलून गेला होता. बाय माझ्याकडे आली.

"काका चा पिऊन मेला?"

"नाही, बाय. तू काही केलं नाहीस," मी म्हणालो.

ती विचार करत होती. विचार करताना तिच्या कपाळावर आठ्या पडत. मग म्हणाली, "दोन टाकल्या मी."

पंचनाम्याला कोण हजर असावं याचे नियम आहेत. कोणाच्या कानावर काय पडू नये याचा नियम मला कोणी शिकवला नव्हता. ते वाक्य मी कोणत्याही कागदावर लिहून घेतलं नाही.

दोषारोपपत्र गेलं. बाय साक्षीदार आहे, आरोपी नाही. मदतनिसाने गुन्हा कबूल केला, व्यवस्थापकाचा खटला चालू आहे. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. तपास चांगला झाला असं सगळे म्हणतात, आणि कागदावर तो झालाही. पण खरं सांगायचं तर मला या यशाचं सुख कधी वाटलं नाही. गुन्हा सिद्ध करायला जे जे लागलं ते मी तिच्याकडून घेतलं: तिचं काम, तिची किटली, तिचं शाबास. तिला परत द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मारहाणीला कलम आहे, उपासमारीला आहे, कोंडून ठेवण्यालाही आहे. माणसाचं जागेपण हळूहळू काढून घेतलं तर ते कोणाच्या लक्षात यावं, अशी सोय आपण केलेली नाही. तपासणीला जाणारे अधिकारी फरशी बघतात, मीही बघितली. आता कोणी विचारलं तर सांगतो, अशा घरी गेलात तर आज कोणाचं कोणाशी भांडण झालं ते विचारा, जेवण कोणी नको म्हटलं ते विचारा. कोणीच काही नको म्हणत नसेल, तर तिथे पुन्हा जा, आणि न कळवता जा.

घर बंद पडलं नाही, एवढंच समाधान. विश्वस्त बदलले, बाईंच्या वेळच्या मदतनीस ताया परत आल्या. निवृत्तीनंतर एकदा मी तिकडे गेलो. गेटपासूनच आवाज येत होता, टीव्हीच्या रिमोटवरून दोघांची जुंपली होती. ते ऐकून फार बरं वाटलं. चहा आता दुसरा एक जण करतो. बाय तांदूळ निवडते, भाजी आणते, पण किटलीला हात लावत नाही. ताईंनी खूप समजावलं, स्वतः सोबत उभ्या राहिल्या, तरी नाही.

माझ्यासाठी चहा आला. मी पेला उचलला, तर बायने येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला. मी ताईंकडे पाहिलं.

"राहू द्या साहेब," ताई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांचाच घेते. आमचाही."

बायने माझ्या पेल्यातला एक घोट घेतला, पेला मांडीवर धरला आणि माझ्या शेजारी बसून राहिली. समोर बघत होती, डोळे मुद्दाम उघडे ठेवून. झोप येते का ते बघत होती. बाहेर कोणीतरी झाडांना पाणी घालत होतं. आम्ही दोघे तसेच बराच वेळ बसलो. मग तिने पेला माझ्या हातात दिला.

"आता पी," ती म्हणाली. "गार झाला. पन चांगला हाय."